गंभीर कथेतील अवखळ पोर

कथा फार गंभीर होऊ लागली की तिच्यात एखादे हसतेखेळते पात्र घालावे, म्हणजे वाचकाला जरा विसावा मिळतो, असा सल्ला नव्या लेखकाला हटकून मिळतो. सल्ला देणारी माणसे जुनीजाणती असतात आणि त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. कीर्तनकारबुवासुद्धा निरूपण जड झालेले पाहिले की एखादा चुटका सांगतात आणि पेंगुळलेली मंडळी सावरून बसतात. पण चुटका संपला की बुवा पुन्हा मूळ पदाकडे वळतात. चुटक्यातल्या माणसाचे पुढे काय झाले हे विचारायला कोणी जात नाही. कथेतल्या माणसाचे तसे करून चालत नाही. तो एकदा आत आला की शेवटपर्यंत त्याची सोय लावावी लागते.

सध्या फराळाचे दिवस आहेत, म्हणून घरातलाच दाखला देतो. चिवड्यात आपण चिमूटभर साखर घालतो, ती चिवडा गोड व्हावा म्हणून घालत नाही. तिखटामिठाची चव त्या चिमटीने उठते. साखर वेगळी लागली तर चिवडा बिघडला असे घरातली म्हातारी माणसे म्हणतात, आणि ते खरे आहे. गंभीर कथेतल्या अल्लड, अवखळ, निश्चिंत पात्राचेही असेच काहीसे असावे. ते का असते, आणि ते केव्हा साधते, याचा थोडा विचार या पानांत करावयाचा आहे. मी विद्यापीठात टीकाशास्त्र शिकलेला नाही. मॅट्रिकपाशीच माझे शिक्षण थांबले. परंतु रोज पन्नासएक मुलांसमोर उभा राहतो, आणि उरलेल्या वेळी कादंबऱ्या लिहितो. या दोन्ही उद्योगांत जे दिसले त्याच्या आधाराने बोलतो आहे.

आधी एक घोटाळा दूर करू. विनोदी पात्र आणि निश्चिंत पात्र ही दोन निराळी माणसे आहेत. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’मधला तळीराम घ्या. १९१९ मध्ये हे नाटक रंगभूमीवर आले, आणि आर्य मदिरा मंडळाच्या प्रवेशांना तेव्हापासून आजतागायत प्रेक्षक पोट धरून हसत आले आहेत. पण तळीरामाला अल्लड कोण म्हणेल? सनद रद्द झाल्यामुळे खचलेल्या सुधाकराला पहिला प्याला घ्यायला लावणारा हाच. त्याला सगळे कळते. आपण त्याच्याबरोबर हसतो आणि पुढे सिंधूच्या संसाराची राख होताना पाहतो, तेव्हा आपले ते हसू आपल्यालाच बोचते. तळीराम मरायला टेकला असताना वैद्य आणि डॉक्टर यांची जी जुगलबंदी गडकऱ्यांनी लिहिली आहे, तिच्यातही हसू आणि मरण एकाच खाटेवर बसवले आहे. हे मोठे काम आहे, पण ते विनोदाचे काम आहे. निश्चिंत पात्राची जागा वेगळी. त्याच्याभोवती काय चालले आहे हे त्याला कळलेलेच नसते. त्याच्याकडे बघून आपण हसतो, ते आपल्याला जे माहीत आहे ते त्याला माहीत नाही म्हणून. आणि त्याच कारणाने क्षणभरात आपला घसा दाटून येतो.

याचा सर्वांत जुना आणि मला तरी सर्वांत चोख वाटणारा नमुना शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त आहे. गोविंद बल्लाळ देवलांनी ते मराठी रंगभूमीवर आणले, म्हणून आपल्याला ते परके राहिलेले नाही. नाटकाचे नावच मुळी एका पोराच्या खेळण्यावरून पडले आहे: मृत्, म्हणजे माती, आणि शकटिका, म्हणजे लहानशी गाडी. चारुदत्ताचा लहानगा मुलगा रोहसेन शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीशी खेळला. ती गाडी शेजाऱ्याने परत नेली. आता दासी रदनिकेने करून दिलेली मातीची गाडी त्याला नको. सोन्याचीच हवी. बाप दरिद्री झाला आहे, गावात त्याची पूर्वीची शान उरलेली नाही, याच्याशी पोराला कर्तव्य नाही. त्याला गाडी हवी.

वसंतसेना त्याला जवळ घेते. ही कोण, असे तो विचारतो. ही तुझी आईच, असे दासी सांगते. त्यावर पोराचा रोखठोक प्रश्न: आई असेल तर अंगावर एवढे दागिने कसे? दरिद्री घरातल्या पोराने आई बिनदागिन्यांचीच पाहिलेली. वसंतसेना तिथल्या तिथे दागिने उतरवते आणि मातीची गाडी भरून देते, जा, सोन्याची घडवून घे म्हणून. प्रेक्षक गहिवरतात. शूद्रक मात्र तिथे थांबत नाही. चारुदत्त ते दागिने परत करण्यासाठी आपल्या मित्राजवळ, विदूषक मैत्रेयाजवळ देतो. इकडे शकार वसंतसेनेचा गळा दाबतो आणि खुनाचा आळ चारुदत्तावर घालतो. भर न्यायसभेत भोळा मैत्रेय संतापून शकाराच्या अंगावर जातो, आणि त्या झटापटीत त्याच्याजवळचे दागिने खाली पडतात. पुरावा सापडला! दागिन्यांच्या लोभाने खून केला, हे सिद्ध झाले. चारुदत्ताला वधस्तंभाकडे नेतात.

हा सगळा धागा उलटा धरून पाहा. फास कुठून सुरू झाला? एका पोराच्या हट्टापासून. तो आवळला कोणी? एका भोळ्या विदूषकाने. नाटकातले दोन निष्पाप जीव, दोघांच्या मनात काडीचे पाप नाही, आणि दोघांच्या हातून चारुदत्ताच्या गळ्याशी दोर आला. पुढे वधस्थानी हाच रोहसेन येतो आणि बापाला सोडा, मला मारा, असे सांगतो. गाडीसाठी रडणारे ते पोर आणि हे पोर एकच आहे, हे आपल्याला क्षणभर खरे वाटत नाही. नाटक पुढे सुखान्त होते, वसंतसेना जिवंत असल्याचे कळते, हे वेगळे. मुद्दा असा, की रोहसेन विसाव्यासाठी आणलेला नाही. त्याला वगळा, म्हणजे नाटकच उभे राहत नाही.

आता मला जे सांगावयाचे आहे ते सांगतो. निश्चिंत पात्र निश्चिंत नसते. वर्गात उभे राहिल्यावर हे पहिल्याच आठवड्यात कळते. मोठ्या माणसांना वाटते, मुलांना कसली आली आहे काळजी? पण ज्याचे खोडरबर हरवले आहे त्या मुलाचा चेहरा पाहावा. घर बुडाल्यासारखा तो बसलेला असतो. त्याची काळजी खरी असते, पुरती असते. तिचे माप तेवढे आपल्या काळजीहून वेगळे असते. रोहसेनाला गाडीचे दुःख चारुदत्ताच्या दारिद्र्याएवढेच मोठे आहे. लेखकाने हे ओळखले की त्याचे अर्धे काम झाले. गंभीर कथेत विरोध साधायचा तो हसू आणि रडू यांचा नसतो. दोन काळज्या शेजारी शेजारी ठेवायच्या असतात, एक लहान आणि एक मोठी, दोन्ही तितक्याच मनापासून बाळगलेल्या. मग वाचकाला काही सांगावे लागत नाही.

विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ १९३९ मध्ये प्रसिद्ध झाली. हिटलरच्या जर्मनीतून हाकलले गेलेले ज्यू एका इटालियन बोटीवरून पूर्वेकडे निघाले आहेत. त्याच बोटीवर मुंबईला परतणारा चक्रधर आहे. चक्रधर आणि हेर्टा यांची प्रीती हा कादंबरीचा गाभा. पण बोटीवर लुई नावाचे एक लहान मूल आहे, ते माझ्या लक्षातून जात नाही. मोठ्यांची बोट ही देशोधडीला लागलेल्यांची बोट आहे. लुईची बोट ही नुसती बोट आहे, म्हणजे एक भलेमोठे खेळणे. एकाच फळीवर दोन बोटी चालल्या आहेत. बेडेकर लुईच्या तोंडी ज्यूंच्या छळाविषयी शहाणपणाचे वाक्य घालत नाहीत. तशी गरजही नाही. ज्याला आपला देश का सुटला हेच माहीत नाही, तो खेळत राहिला की जे घडले त्याची लाज वाचणाऱ्याला वाटते. महायुद्धाची आकडेवारी आपण पुढे वाचली. ती विसरली जाते, आणि ते पोर राहते.

कुसुमाग्रजांचे, म्हणजे वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आले. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’शी त्याचे नाते सर्वश्रुत आहे. लिअरजवळ एक विदूषक आहे. राजाने राज्य वाटून टाकले यातला मूर्खपणा तो गाण्यांतून आणि कोड्यांतून राजाच्या तोंडावर सांगतो, आणि तिसऱ्या अंकानंतर तो नाटकातून निघून जातो, पुन्हा दिसत नाही. शिरवाडकरांनी अप्पासाहेब बेलवलकरांच्या पदरी असा विदूषक ठेवला नाही. त्यांनी दोन मुले ठेवली: मुलाच्या घरची नात ठमी, आणि अखेरच्या दिवसांत भेटणारा बूटपॉलिशवाला राजा.

हा बदल मला फार अर्थपूर्ण वाटतो. विदूषकाला राजाची चूक कळलेली असते. ठमीला काहीच कळलेले नसते. तिच्या लेखी आजोबा हे नटसम्राट नाहीत आणि ओझेही नाहीत. ते खेळगडी आहेत. ज्या घरात म्हाताऱ्याचा मान रोज थोडा थोडा कमी होतो आहे, तिथे एकच जीव त्याला बरोबरीने वागवतो. आणि घर सोडताना अप्पासाहेबांचे जे सुटते त्यात ठमी असते, म्हणून ते घर सोडणे इतके जड जाते. पुढे राजा भेटतो. त्याच्या मागे घर नाही, पुढे ठाव नाही. तो ब्रश घेऊन बसतो आणि पोट भरतो. मोठे नाव, मोठे घर, मोठी नाटके गाजवलेला माणूस शेवटी आधाराला येतो तो या पोराच्या. शिरवाडकरांनी राजाला करुण केले नाही. करुण आहेत ते अप्पासाहेब. डॉ. श्रीराम लागूंनी ही भूमिका गाजवली, त्यांच्या स्वगतांवर लोकांनी पाने लिहिली. माझ्यासारख्या मास्तराचे लक्ष मात्र बाजूच्या त्या दोन लहानग्यांवर खिळते. स्वगतांना भार येतो तो त्यांच्यामुळे.

आतापर्यंतच्या उदाहरणांत मूल बाजूला होते आणि दुःख मोठ्यांचे होते. कधी कधी ही दोन्ही माणसे एकाच आवाजात बोलतात. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत लिहिली. तिच्यातला श्याम पाय मळू नयेत म्हणून हट्ट धरतो आणि आईला पदर पसरायला लावतो. पोहायला जायला घाबरतो आणि आईचा मार खातो. लहान श्यामची काळजी तळव्याला लागणाऱ्या मातीची. पण सांगणारा श्याम मोठा आहे, त्याची आई गेलेली आहे, आणि तिने किती ओढगस्तीत दिवस काढले हे त्याला आता माहीत आहे. लहान श्यामला जे ठाऊक नव्हते ते मोठ्या श्यामच्या आवाजात सतत ऐकू येते. पुस्तकावर भाबडेपणाचा आक्षेप पुष्कळांनी घेतला आहे. तो घेणाऱ्यांनी या दोन आवाजांतले अंतर मोजलेले दिसत नाही. आचार्य अत्र्यांनी १९५३ मध्ये काढलेला चित्रपट पाहून थिएटरे रडली, ती या अंतरामुळेच.

आता बिघडते कुठे ते पाहू. नव्या कथांतून मला तीन प्रकारची पोरे भेटतात.

पहिले पोर म्हणजे बाहुला. ते बोबडे बोलते, टाळ्या पिटते, फुलपाखरामागे धावते. त्याला काहीही नको असते. ज्या पात्राला काही नको असते ते पात्रच नसते. ते कॅलेंडरावरचे चित्र असते. रोहसेनाला गाडी हवी होती, म्हणून तो जिवंत आहे.

दुसरे पोर म्हणजे अकाली शहाणे झालेले. बाप दारू पिऊन आला की ते असे एक वाक्य बोलते की बापाचे डोळे उघडतात. वर्गातली कितीतरी मुले दारुड्या घरांतून येतात; असे वाक्य मी एकाच्याही तोंडून ऐकलेले नाही. ती मुले गप्प बसतात, नाहीतर शेजाऱ्याला चिमटा काढतात. लेखकाला जे स्वतःच्या तोंडाने सांगायचा संकोच वाटतो ते तो पोराच्या तोंडून वदवतो, आणि ज्या न कळण्यावर सारी इमारत उभी होती तेच काढून घेतो.

तिसरे पोर म्हणजे बळीचा बकरा. कथेत पान दोनवर ते हसले की अनुभवी वाचक ओळखतो, पान नऊवर हे ट्रकखाली जाणार. मूल मारले की वाचक रडतो, यात लेखकाचे कर्तृत्व काय? मूल मरू नये असे मी म्हणत नाही. भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’त, १९६३ मध्ये, पांडुरंग सांगवीकर साऱ्या जगाची टवाळी करीत असतो, आणि त्याची धाकटी बहीण मनी देवीच्या आजाराने जाते. त्यानंतर त्या टवाळीचा सूर पूर्वीसारखा ऐकू येत नाही. सत्यजित राय यांच्या १९५५ च्या ‘पथेर पांचाली’ चित्रपटात दुर्गा मरते. हूड, फळे चोरणारी, म्हाताऱ्या आतेसाठी पेरू लपवून नेणारी मुलगी. तिच्यावर हार चोरल्याचा आळ आलेला असतो आणि तिने तो नाकारलेला असतो. ती गेल्यावर घर सोडण्याच्या वेळी अपूला तो हार सापडतो, आणि तो कोणाला न सांगता हार तळ्यात फेकून देतो. पाण्यावरचे शेवाळ बाजूला होते आणि पुन्हा मिळून येते. मेलेल्या मुलीची लहानशी अब्रू तिच्या धाकट्या भावाने राखली. दोन्ही ठिकाणी मरणानंतर लेखकाचे काम सुरू झाले आहे. बळीच्या बकऱ्याच्या कथेत ते मरणापाशी संपते.

मी राहतो ते पुनावळे १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. पवनेच्या काठचे गाव. आता महामार्ग आणि हिंजवडी यांच्या मधल्या पट्ट्यात उंच इमारती उभ्या आहेत. शेत विकले, पैसा आला, भाऊ भावाला बोलेनासा झाला, म्हातारा ओसरीवर एकटा राहिला: इकडे गंभीर कथेला विषयाचा तोटा नाही. या भागातले तरुण लिहितात, आणि मास्तर म्हणून माझ्याकडे वाचायला देतात. अशाच एका तरुणाच्या कथेत आजोबा बांधावर बसले आहेत, जेसीबी त्यांच्या शेतात शिरला आहे, आणि सहा वर्षांचा नातू आजोबांचे डोळे पुसून म्हणतो, की मोठा झाल्यावर मी ही जमीन परत घेईन. कथा मनापासून लिहिलेली होती. मी त्याला म्हटले, “बाळ, सहा वर्षांचे पोर जेसीबी सोडून आजोबांचे डोळे बघत बसेल काय? एवढे मोठे पिवळे यंत्र, मातीत दात खुपसणारे! ते त्याच्यामागे नाचेल. त्याला वर, ड्रायव्हरशेजारी बसायचे असेल.” तो म्हणाला, “सर, मग ते पोर निर्दय नाही का वाटणार?” मी म्हटले, “ते हट्ट धरून रडू लागले, तर ड्रायव्हरकडे कोण जाईल?” तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग हळूच म्हणाला, “आजोबाच.”

तेवढेच पुरे होते. ज्या यंत्राने आपली जमीन उकरली जात आहे त्याच्या ड्रायव्हरपुढे म्हाताऱ्याने जाऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, दादा, ह्याला जरा वर घ्या. पोर वरून आनंदाने ओरडते आहे आणि म्हातारा खालून त्याच्याकडे पाहून हसतो आहे. जमिनीविषयी एक शब्द न बोलता कथा पुरी होते. पोराची काळजी एवढीच, की वर बसायला मिळेल की नाही. म्हाताऱ्याची काळजी पिढ्यांची. आणि मोठ्या काळजीच्या माणसाने लहान काळजीपुढे मान लवविली, हे त्या म्हाताऱ्याचे मोठेपण लेखकाने न सांगता दिसले.

यावर एक आक्षेप येऊ शकतो. सर्वच कथांना असे पोर कशाला हवे? मुळीच नको. पोर नसलेल्या उत्तम गंभीर कथा मराठीत पुष्कळ आहेत. आणि हे पात्र वयाने लहानच असले पाहिजे असेही नाही. साठीचा मैत्रेय असेल, गावातला एखादा भोळसट असेल. अट एकच: त्याला काहीतरी हवे असावे, ते त्याने जीव तोडून मागावे, आणि ते देताना किंवा नाकारताना कथेतल्या दुसऱ्या कोणाचे तरी काहीतरी खर्ची पडावे. वसंतसेनेचे दागिने खर्ची पडले, श्यामच्या आईचा पदर खर्ची पडला. जिथे काहीच खर्ची पडत नाही तिथे ते पोर पाहुणे आहे. त्याला चहा पाजून निरोप द्यावा.

दिवाळीचे अंक घरात सर्वांनी मिळून वाचायचे असतात. यंदा एखाद्या कथेत असे पोर भेटले, तर हसून पान उलटण्यापूर्वी जरा थांबावे आणि पाहावे, त्याचा हट्ट कोणी पुरवला, आणि तो पुरवणाऱ्याने कशावर पाणी सोडले. कथा खरी असेल तर तिचे सारे दुःख तिथेच, त्या माणसापाशी सापडेल. आणि त्या वेळी शेजारी बसलेले आपले पोर फटाक्यांसाठी किंवा शेवटच्या करंजीसाठी हटून बसलेले असेल, तर त्यालाही हलक्यात घेऊ नये. त्याच्या लेखी ते प्रकरण गंभीरच आहे.